लीक धुताना

“चहा कर ना, आई. इथे सगळे चहाच करून दाखवतात.”

भिंगताईंनी पिशवी पुढ्यात ओढली. तिच्यातून लीकच्या भाजीची जुडी काढायची होती आणि पिशवीची गाठ मुलीनेच मारली होती, घट्ट. त्यांनी ती दातांनी सोडवली.

“दातांनी काय! मला सांगायचं की.”

“तुला सांगितलं तर परीक्षा तुझी होईल.”

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत एक अख्खं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. शेगडी, सिंक, भांड्यांचं कपाट, सगळं खरं. फक्त ते कुणाचंच नव्हतं. डोक्यात रक्ताची गुठळी अडकून ज्यांचा हात किंवा पाय लुळा पडला, त्यांनी तिथे एक पदार्थ करून दाखवायचा. थेरपिस्ट स्टुलावर बसून नुसती बघणार. जमलं, तर एकटं राहायला हरकत नाही असं ती लिहून देणार. नाही जमलं, तर भिंगताईंना आपल्या दोन खोल्या सोडून लेकीकडे जावं लागणार होतं. लेकीने त्यांच्यासाठी खोली रंगवूनही ठेवली होती. न विचारता, आणि नेमकी त्यांच्या आवडत्या रंगात. त्याचाच त्यांना जास्त राग आला होता.

भिंगताई हे नाव चष्म्यांच्या कारखान्यातलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे भिंगं घासली. घासायच्या पावडरीत एक जरी जाड कण आला, तरी भिंगावर ओरखडा उठतो आणि केलेलं काम पाण्यात जातं. त्यामुळे जेवणात दाताखाली काही कचकन लागलं की त्या ताटावरून उठत. आणि लीकइतकी माती पोटात बाळगणारी दुसरी भाजी नाही. दिसायला कांद्याच्या पातीसारखी, पण मनगटाएवढी जाड. पापुद्र्यावर पापुद्रा आणि प्रत्येकाच्या बुडाशी बारीक रेती.

करायची पद्धत त्यांच्या आईची, अगदी साधी. लीक उभा चिरायचा, मूळ तोडायचं नाही, म्हणजे पापुद्रे सुटत नाहीत. मग चांगला धुवायचा. चिरलेली बाजू खाली करून तेलावर ठेवायचा, मीठ घालायचं, झाकण ठेवायचं. पाणी घालायचं नाही, हलवायचं नाही. तो आपल्याच अंगच्या पाण्यात शिजतो.

डावा हात लुळा असूनही चिरणं जमलं. थेरपिस्टने खिळे उभे केलेली फळी दिली होती. त्यावर लीक रोवला की एका हाताने सुरी चालवता येत होती. खरी अडचण पुढे होती. नळाखाली एका हाताने लीक धरावा, तर पापुद्रे उघडायला हात नाही. पापुद्रे उघडावेत, तर लीक सिंकभर घसरतो. भिंगताईंनी तो कोपऱ्यात रेटून पाहिला. कोपराने दाबून पाहिला. बाही दंडापर्यंत भिजली. शेवटी एक अर्धुक उडालं आणि थेट मुलीच्या चपलेवर पडलं.

“हे सिंकच उथळ आहे,” भिंगताई म्हणाल्या.

“नाचता येईना, अंगण वाकडं.” मुलगी हसली. मग आईचा चेहरा पाहून तिने ते अर्धुक मुकाट्याने उचललं आणि ओट्यावर ठेवलं.

“मावशी, गोल चकत्या केल्यात तर?” थेरपिस्ट म्हणाली. “पाण्याच्या भांड्यात टाका, माती आपोआप तळाला बसेल. मी घरी तशाच करते.”

“चकत्यांचं सूप होतं. मी सूप करायला नाही आले.”

“बरं. मग डावा हात घ्या. पकडता नाही आलं तरी त्याला वजन आहे. लीकच्या मुळावर नुसता ठेवून द्या.”

भिंगताई गर्रकन वळल्या. “तो हात बरा होतोय. त्याचा वरवंटा करू नका.”

नळ वाहत होता. मुलीने आईकडे पाहिलं, मग थेरपिस्टकडे, मग फरशीकडे.

“होतोय ना बरा?” भिंगताईंनी विचारलं.

“जेवढा व्हायचा तेवढा झालाय, मावशी. मी मागच्या वेळी सांगितलं होतं.”

“ऐकलं होतं मी.” त्यांनी नळ खाडकन बंद केला. “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.”

मुलीला राहवलं नाही. “आई, कशाला हा हट्ट? चल ना घरी. मी करीन लीक. तू सांगशील तस्सा.”

“तू रेती ठेवतेस.”

“एकदा राहिली होती! एकदा! किती वर्षं ऐकवणार आहेस?”

डावा हात भिंगताईंच्या पोटाशी वळून राहिला होता. बराच वेळ त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं, तो उचलला, आणि सिंकमध्ये लीकच्या मुळावर ठेवला. हात तिथेच राहिला. त्यांनी नळ सोडला. पाणी दोन्ही हातांवर पडत होतं. गार फक्त उजव्याला लागत होतं.

लीक आता हलला नाही. एकेक पापुद्रा अंगठ्याने उघडून त्या बुडापर्यंत चोळत गेल्या. माती निघाली, ओघळली, डाव्या हाताच्या बोटांवरून खाली गेली. तो हात तसाच पडून राहिला. भिंगताईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. सगळी अर्धुकं त्यांनी तशीच धुतली.

पुढचं सोपं होतं. तेल, मीठ, झाकण, मंद आच. थोड्या वेळाने झाकणाच्या कडेने गोडसर वास यायला लागला. भाजी तळाला तांबूस आणि वर मऊ झाली, तेव्हा त्यांनी आच बंद केली आणि तीन बशा भरल्या. थेरपिस्टने पहिला घास सावकाश चावला.

“लिहून देते, मावशी. एकटं राहायला हरकत नाही.”

भिंगताईंनी मान हलवली. त्यांना हवं होतं तेच झालं होतं. त्यांनी भाजीचा तुकडा तोंडात घातला आणि तो गिळायला बराच वेळ घेतला.

मुलीने संपवलेली बशी खाली ठेवली. “आणि त्या खोलीत मी आता कुणाला ठेवू?”

“जावईबापूंना ठेव. घोरतात म्हणून तक्रार असते ना तुझी?”

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. “आई, तुझा हात.”

डाव्या हाताच्या बोटांवर माती वाळली होती. भिंगताई उठून सिंकपाशी गेल्या. मिटलेली बोटं त्यांनी करंगळीपासून एकेक करून उघडली, प्रत्येक बोटाचं बेचकं पाण्याखाली धरलं आणि अंगठ्याने बुडापर्यंत चोळलं. घाई केली नाही.

मुलगी टॉवेल घेऊन मागे उभी राहिली. ती पुढे आली नाही.