रिकामा काटा

बॅगेचा पट्टा हुकात अडकवून त्याने हात सोडला तशी ताणकाट्याची सुई आधी थरथरली, मग तेरावर येऊन टेकली, आणि ती पुरती थांबेपर्यंत तो बावीस वर्षांच्या सवयीने श्वास रोखून उभा राहिला – जसं काही ती खरंच बोलणार होती. "तेरा!" धाकटी ओरडली. "दादा, तेरा! आणि पहिल्या दिवशी सहा किलोला भोकाड पसरलं होतं मी!" तो हसला. हसावंच लागलं, कारण बॅगेत आठच किलो होते, वरचे पाच त्याचे होते – काट्याच्या डोक्यावरच्या पितळी चाकाचे. ती उठायच्या आत ते चाक तो रोज पहाटे केसभर फिरवत आला होता.

मापात पाप. दुसरं काय म्हणणार? वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक तो. बाजारात त्याची जीप शिरली की बातमी त्याच्या आधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचायची, पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्याने कधी सोडलं नव्हतं. "साहेब, चिमूटभर मेण ते..." चिमूटभर असो नाहीतर पोतंभर, मेण ते मेण, असं मी त्याला ऐकवलं होतं, चारचौघांत, छाती पुढे काढून. आता बस बोंबलत.

पण सहा महिन्यांपूर्वी धाकटीने जगायचंच नाही असं ठरवलं – ठरवलं आणि जवळजवळ पार पाडलं – आणि दवाखान्याच्या बाकावर आई त्याच्याकडे अशी बघत राहिली, की तू थोरला ना, मग कर काहीतरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं बरं वाटतंय असं तिचं तिला दिसू दे. दिसू दे! मनातलं काय दिसतं, कुठल्या काट्यावर? आयुष्यात त्याला एकच गोष्ट दाखवता यायची, ती म्हणजे सुई. म्हणून ही पायपीट: पाठीवर बॅगा, उजवीकडे समुद्र, माडांखालून सतरा दिवस चालायचं, मिळेल तिथे खोली नाहीतर तंबू, आणि रोज सकाळी निघण्याआधी वजन. सात. साडेसात. नऊ. आकडा कळला की ती आईला फोन लावायची आणि आई पलीकडून शेजारणीला ओरडून सांगायची, "अहो, दहा उचलले पोरीने!" तिघांचं घर त्या आकड्यावर उभं राहिलं, आणि मग तो खाली आणायची छाती कोणाची?

सहाव्या दिवशी, खारफुटीच्या चिखलातून बाहेर पडून दोघं पाय धूत बसली असताना, तिने बॅग एका हाताने उचलून पुन्हा खाली ठेवली होती. "दादा, तुझ्या राज्यात किलो फार हलका आहे रे." तो म्हणाला, "तू दणकट झालीस, भवाने." ती हसली होती. बराच वेळ हसली होती.

आता ती ओसरीच्या पायरीवर बसून बुटांचे बंद आवळत होती. "आज शेवटचा टप्पा मी एकटी करणार. ही टेकडी चढायची, पलीकडे उतरलं की धक्का. तू एसटीने रस्त्यावरून ये. चारची बोट आहे, तिथेच भेटू. आणि तंबू दे माझ्याकडे. तीन किलोच ना? तेरा नि तीन सोळा. आईला सोळा सांगायचेत."

"ऊन बघ किती आहे."

"सतरा दिवस काय चांदणं होतं?"

"एकटी कशाला पण?"

तिने वर पाहिलं. "घरी गेल्यावर तू काय रोज माझ्या मागून चालणार आहेस?"

काही केलं तरी मरणच. सांगितलं, तर सतरा दिवसांत उभं केलेलं सगळं एका वाक्यात खाली येणार, ती म्हणणार, म्हणजे यातलं काहीच माझं नव्हतं – आणि पुढे काय म्हणेल ते त्याला मनातसुद्धा पुरं करवेना. न सांगावं, तर अकरा किलो पाठीवर घेऊन, सोळा उचललेत या घमेंडीत ती त्या उघड्या कातळावर निम्म्यात बसणार, एकटी, खाली समुद्र... नको. देवा, नको. बॅग त्याने खाली घेतली, बाटल्या उचलल्या आणि "पाणी भरून आणतो" म्हणून तो मागच्या हातपंपाकडे अक्षरशः पळाला.

पंपाचा दांडा दाबता दाबता त्याने वाक्यं जुळवली. हे बघ, मी गाढव आहे. हे बघ, सहाचे आठ तर तूच केलेस ना, ते खरे आहेत. हे बघ... बाटली भरून वाहू लागली तरी तो दांडा दाबत होता. सांगायचं. ती रडली तर रडू दे, तिच्याजवळ बसायचं, बोट गेली तर गेली.

तो परत आला तेव्हा ओसरीवर फक्त घरमालकीण होती, केरसुणी घेऊन. "तुमची बहीण गेली की पुढे."

"गेली? पाणी न घेता?"

"माझ्याकडून दोन बाटल्या भरून घेतल्या तिने. म्हणाली, दादाला म्हणावं, धक्क्यावर भेटू."

"हसत होती? की... कशी होती?"

"कशी म्हणजे?" बाईने केरसुणी थांबवली. "तोंड धुऊन गेली. धुतलेल्या तोंडावरून मला काय कळणार, बाबा?"

मग त्याला तो दिसला. तुळईला लटकलेला काटा, रिकामा. सतरा दिवस बॅग उतरवायचो मीच आणि उतरवल्याबरोबर काटा माझ्या खिशात जायचा. कारण नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं होतं, आधी रिकामा काटा बघ, चोरी तिथेच सापडते. आणि आज तोच विसरलो. रिकामी सुई पाचावर असायला हवी होती. ती शून्यावर होती. बरोबर शून्यावर, कोणीतरी पितळी चाक सावकाश, नीट मागे फिरवल्यासारखी. त्याच्या बॅगेला बांधलेला तंबूही नव्हता.

तो धावत सुटला. माडांची वाडी संपली, लाल पायवाट लागली, बॅग पाठीवर आदळत होती आणि डोक्यात एकच प्रश्न, कधी कळलं? आज? की सहाव्या दिवशीच – आणि मग अकरा दिवस रोज सकाळी हात वर करून ओरडली ती कोणासाठी? माझ्यासाठी? मी तिला सांभाळतोय असं मला दिसावं म्हणून? आणि सगळं ठाऊक असून आज तंबू घेऊन गेली, ती कशाला? उचलून दाखवायला... की... त्याला धाप लागली. डोळ्यांत घाम आणि पाणी एक झालं होतं.

वळणावरून टेकडी दिसली. निम्म्या चढावर धाकटी, इतक्या लांबून बॅगच जास्त दिसत होती. ती चालत होती. थांबली. खाली बसली. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. ती उठली, दहा-बारा पावलं चढली, पुन्हा बसली, समुद्राकडे तोंड करून.

थांब म्हणू, की चल म्हणू? बावीस वर्षं जगाची मापं तपासली मी, पण माझ्या बहिणीला किती पेलतं ते मला ठाऊक नाही. कधीच नव्हतं. हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला. काटा तुळईलाच राहिला होता.

तो चढू लागला, घाईने नाही, तिला पावलं ऐकू येणार नाहीत इतक्या बेताने. ती अजून उठली नव्हती. त्याने नजर तिच्यावरून हलवली नाही, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच, काय दिसायला हवं ते आधी न ठरवता तो तिच्याकडे बघत राहिला.