नसलेला प्रिंटर

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. यंदाच्या ऑर्डरी सगळ्या कॉम्प्युटरात. चारशे बारा मूर्ती, कोणाची केवढी, पितांबर कुठल्या रंगाचं, सगळं त्या पेटीत. आमच्या सूनबाई नमिताची हौस. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं कळत नाही. पण ‘मशीन मंद झालंय, फुकट साफ करून देतो’ अशी जाहिरात नमिताने वाचून दाखवली, तेव्हा “फुकट हाय तर घे गो” असं मीच म्हटलं.

चतुर्थीला अकरा दिवस होते. मी मूर्तींचे डोळे आखत बसले होते. पेटी एकदम सायरनसारखी बोंबलायला लागली. स्क्रीन लालभडक. व्हायरस शिरलाय, मशीन बंद करू नका, या नंबरवर फोन करा. नमिताने केला. सीझनला दिवसाला पन्नास अनोळखी माणसांशी गोड बोलायची आम्हाला सवय, तिला काही वावगं वाटलं नाही.

पलीकडचा हिंदीतून बोलत होता. मी सांगतो ते ॲप टाका, मी इथून तुमचं मशीन चालवतो. नऊ हजार भरा, नाहीतर दहा मिनिटांत सगळं पुसलं जाईल. घरात कोणाला सांगत बसू नका.

“आई, यादी जाईल हो!” नमिता रडकुंडीला आली.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकांची एक जात असते. मूर्ती नेताना स्वतः आपटायची आणि आम्हाला फोन करायचा, कान कच्चा होता म्हणून. मी विचारते, “मागच्या नागाचा फणापण तुटला काय?” खोटारडा लगेच म्हणतो, हो हो, तोही. त्या मूर्तीला नागच नसतो.

मी ब्रश खाली ठेवला. “दे गो फोन. काय रे बाबा, आमचा प्रिंटरपण बिघडलाय काय?”

“हां माताजी, प्रिंटर में भी वायरस है. मुझे यहाँ से दिख रहा है.”

आमच्याकडे प्रिंटर नाही.

“मेल्या, तुझे डोळे कोणी आखले रे? नसलेलं दिसतंय तुला!” म्हटलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

“आई! बंद करू नका म्हणत होता ना तो! यादी गेली तर चारशे माणसांना काय सांगायचं?”

“तो म्हणाला म्हणूनच केलं.”

माझा मुलगा प्रविण पेटी गाडीत घालून अष्टमी गावाला गेला. तिथे माझा भाचा यज्ञेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो. वाटेत वडखळच्या ट्रॅफिकमध्येच तासभर अडकला. तोवर मी एकही डोळा आखला नाही. हात हलला तर बाप्पा चकणा होतो.

शेवटी यज्ञेशचा फोन आला. “आत्या, व्हायरस-बियरस काय नाय. नुसती घाबरवायची पाटी. खरी कंपनी स्क्रीनवर नंबर टाकून बोंबलत नाय. ते फुकटातलं सफाईवालं कोणी घेतलं? त्यानेच आणली ती.”

“मी.”

“काढून टाकलंय मी. त्याचं ॲप टाकलं नाय ना? पासवर्ड सांगितला नाय ना?”

“नाय.”

“मग यादी शाबूत हाय.”

“उघड आणि प्रविणला वाचायला लाव. नमिता इथे फोनवर ऐकून कागदावर उतरवेल. पेटीचा आता भरवसा नाय.”

“चारशे बारा?” मागून प्रविण ओरडला.

“मग? तू काय डोळे आखायला येणार हायस?”

तीन तास लागले. यादी परत कागदावर आणली म्हणून नमिता फुगलेलीच होती, पण एक नाव चुकवलं नाही.