मुंगसाचे डोळे

नलूताईंनी चाळीस वर्षं परळच्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे आखले. मूर्ती कोणीही घडवावी, रंग कोणीही द्यावा, आखणी मात्र नलूताईंची. त्यांचा डावा डोळा केसभर वर जायचा. म्हणजे मूर्तीचा, त्यांचा स्वतःचा जागेवर होता. त्यावरून मालकांनी चाळीस वर्षं त्यांना बोल लावले आणि दर वर्षी त्यांनाच बोलावलं. आखणी झाली की मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकायचं आणि न्यायला माणसं आली की त्यांच्यासमोरच काढायचं, हा तिथला शिरस्ता. का, ते कोणी विचारत नसे. विचारणाऱ्यांना मालक रंग घोटायला बसवत.

निवृत्तीनंतर दीपिका मॅडमनी त्यांना फणसवाडीतल्या हॉलमध्ये आपल्या ‘मातीतून आत्मविश्वास’ या वर्गाला मदतीला आणलं. दर रविवारी चार वाजता बारा मुलं रंगीत क्लेचे प्राणी करत, आणि साडेपाचपर्यंत त्यांचा आत्मविश्वास वाढलेला असे. मॅडमचे नियम दोनच. प्रत्येक प्राण्याला ‘वा’ म्हणायचं आणि मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. ध्रुव नावाचा मुलगा चार रविवार सापच करत होता, कारण सापाला पाय नसतात. चार ‘वा’ मिळाल्यावर तो आता इतरांचे प्राणी तपासत फिरे.

ओवीचं तसं नव्हतं. आठ वर्षांची ती पोर वर्षभर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. घरी आईच्या कानात कुजबुजायची, तेवढंच. शेवटच्या रविवारी प्रदर्शन होतं आणि प्रत्येकाने आपल्या प्राण्याबद्दल पाच वाक्यं बोलायची होती. त्या पाच वाक्यांसाठी तिची आई प्रिती तिला अँटॉप हिलहून दोन बस बदलून आणत असे.

ओवीने मुंगूस केलं. शेपटी झुबकेदार, मान वळलेली, पाय असे की आता पळेल. फक्त डोळे नव्हते.

“आणि डोळे काय झाले गो?” नलूताईंनी विचारलं.

ओवी पहिल्यांदाच त्यांच्या कानाशी आली. “नको आजी. मग ते बघेल.”

“वा,” नलूताई म्हणाल्या. नियम होता.

पण वर्ग सुटल्यावर प्राणी कपाटात ठेवताना ते आंधळं मुंगूस हातात आलं आणि चाळीस वर्षांची सवय अंगठ्यात उतरली. टूथपिकने दोन खाचा, काळ्या क्लेच्या मोहरीएवढ्या दोन गोळ्या. अर्ध्या मिनिटाचं काम. डावा केसभर वर गेला. फडकं मात्र त्या विसरल्या. मुंगसाला कोण फडकं घालतं?

पुढच्या रविवारी ओवी हॉलच्या दारातूनच बोलली. खणखणीत. “नलूआजी, गेल्या वेळी कपाट लावल्यावर तुम्ही तीनदा मागे वळून पाहिलंत.”

दीपिका मॅडमनी टाळ्या वाजवल्या. प्रितीच्या डोळ्यांत पाणी आलं. नलूताई मात्र खुर्चीत बसल्या, कारण त्यांनी खरंच तीनदा पाहिलं होतं आणि तेव्हा हॉलमध्ये कोणी नव्हतं.

मग त्यांनी ओवीकडे नीट बघितलं. पोरीचा डावा डोळा केसभर वर होता.

“घरी ठीक आहे ना हो?” त्यांनी प्रितीला बाजूला घेऊन विचारलं.

“एकदम मस्त. अख्खा दिवस बोलते,” प्रिती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “झोपेत डोळे मिटत नाही, एवढंच. पण बोलते ना, ताई.”

वर्ग सुटला. नलूताईंनी कपाट उघडलं. मुंगूस होतं तिथेच होतं, मान खाली घालून. ती मान आधी वळलेली होती. त्यांनी कान जवळ नेला. आत कोणीतरी कुजबुजत होतं, अगदी बारीक, ओळखीच्या आवाजात. “आई.”

डोळे दिलेल्याला परत पाठवायची एकच रीत नलूताईंना माहीत होती. त्यांनी मुंगूस पदराखाली लपवून लालबागला घरी नेलं, हात जोडले आणि पाण्याच्या बादलीत सोडलं. शाडूची माती असती तर दुसऱ्या दिवशी तळाला चिखल दिसला असता. पण ही क्ले तेलातली, दुकानातली. डब्यावर ‘कधीच सुकत नाही’ असं कौतुकाने छापलेली. चार दिवस पाणी बदलून झालं. मुंगूस बादलीच्या तळातून वर बघत राहिलं, तसंच.

प्रदर्शनाच्या रविवारी त्यांनी ते पुसून पुन्हा टेबलावर मांडलं. ओवी शेजारी येऊन उभी राहिली. “पाणी फार थंड होतं तिला,” ती हसत म्हणाली. “मला काही झालं नाही.”

पालक बसले. ध्रुवने सापावर पाच वाक्यं सांगितली, त्यातली तीन स्वतःबद्दल. मग ओवी पुढे गेली. “हे मुंगूस आहे. ते सगळं बघतं. दीपिका मॅडम वा म्हणतात तेव्हा प्राण्याकडे बघत नाहीत, ते त्याने बघितलं.” पालक कौतुकाने हसले. मॅडम थोड्या उशिरा हसल्या. “आता मी परत आत जाणार नाही,” ओवी म्हणाली.

चार वाक्यं झाली होती. नलूताईंनी प्रितीकडे पाहिलं. ती मोबाइलवर शूटिंग करत होती, आणि वर्षभरात तिचा चेहरा इतका उजळ कोणी पाहिला नव्हता. नलूताईंनी मुंगूस उचलून टेबलाखाली घेतलं आणि दोन्ही अंगठे त्याच्या डोळ्यांवर दाबले. अंगठ्यांखाली काहीतरी फडफडलं. त्यांनी दाब सोडला नाही.

ओवी थांबली. तिने सभोवार बघितलं, घाबरून, दोन्ही डोळे एका पातळीत. मग पाचवं वाक्य आलं, इतकं हळू की फक्त पहिल्या रांगेला कळलं.

“आई, घरी जाऊया.”

प्रितीने मोबाइल खाली ठेवला आणि पोरीला उचलून घेतलं. “एवढं छान चाललं होतं,” ती नलूताईंना म्हणाली. तक्रार होती, पण पोरीला मात्र घट्ट धरलं होतं. ओवी तिच्या खांद्यावर डोळे मिटून पडली.

नलूताईंनी टेबलावर गुळगुळीत तोंडाचं मुंगूस ठेवलं आणि नळावर जाऊन हात धुतले. साबणाने, मग रॉकेलच्या बोळ्याने. दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर मोहरीएवढा एकेक काळा ठिपका राहिला. त्यांनी अंगठे शेजारी शेजारी धरले. डावा ठिपका केसभर वर होता.

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. ठिपकेही.

मग त्यांनी पिशवीतलं जुनं फडकं काढलं, फाडून दोन्ही अंगठ्यांना नीट गुंडाळलं आणि खुर्चीत बसल्या. न्यायला कोणी येईपर्यंत ते काढायचं नसतं.