माझी दोन वेटोळी

मी एक स्प्रिंग बोलतेय. आत्याच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरची. आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड गोष्टी ऐकायला मिळणार नाहीत. ज्यानं मला कापलं त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पोलादाची लालबुंद कांब गुंडाळून मला घडवलं. तेलात बुडवलं, बारीक छर्ऱ्यांचा मार दिला, वर काळा रंग चढवला. कारखान्यातून निघताना एका माणसानं मला यंत्रात दाबून सोडलं. मी होते तेवढीच्या तेवढी वर आले. तो म्हणाला, "ही चांगली निघाली." तेवढ्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं मान ताठ ठेवून काढली.

आत्या केक करायची. घराच्या मागच्या खोलीत दोन ओव्हन, संगमरवरी ओटा आणि भिंतीवर ऑर्डरींच्या चिठ्ठ्या. गाडीच्या मागच्या सीटा आडव्या पाडून त्यावर तिनं जुन्या गालिच्याचा तुकडा अंथरला होता. तिथं केकचा खोका बसायचा, आणि खोक्याच्या खाली मी. खड्डा आला की मी दबायची, तो गिळायची आणि सावकाश वर यायची. अकरा वर्षांत एका केकवरचं एक क्रीमचं फूलसुद्धा हललं नाही. लोक आत्याच्या हाताचं कौतुक करायचे. आत्या मात्र गाडी धुताना म्हणायची, "अर्धं श्रेय हिचं." मी चिखलात माखलेली असायची, पण ऐकू यायचं.

मग भाचा राहायला आला. आत्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, वय चोवीस. मोबाइलच्या दुकानात नोकरी, केसांना रोज जेल. गल्लीत सगळे त्याला हिरो म्हणायचे आणि त्याला ते खरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी तो आत्याचे केक पोचवायचा. त्या बदल्यात गाडी फिरवायला मिळायची.

एकदा त्यानं टायर आणि वरच्या पत्र्यामधल्या फटीत हात घातला. "चार बोटं! आत्या, ही गाडी आहे का उंट?"

"उंट असू दे नाहीतर गाढव. माझा केक नीट पोचतोय ना?"

पण त्याच्या मित्रांच्या गाड्या रस्त्याला पोट लावून चालायच्या, आणि ते बघून याचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हातारा, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "गाडी खाली आणण्यात वाईट काही नाही. दोन बोटं उतरव. त्या मापाची स्प्रिंग घाल, तिच्या जोडीचे, धक्के जिरवणारे शॉकअप घाल. वळणावर झुकणार नाही, दिसेलही झकास. फक्त माप घेताना आधी आत माणसं बसव, सामान ठेव. मग बोटं मोज."

हिरोनं त्यातलं 'झकास' तेवढं ठेवून घेतलं. बाकीचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

आत्या चार दिवस बहिणीकडे गेली आणि यानं संधी साधली. मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला बाहेर काढलं आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. माझी दोन वेटोळी खाली पडली. पलीकडच्या चाकावरच्या माझ्या जुळ्या बहिणीचंही तेच झालं. परत बसवलं तर मी जागेवर खुळखुळायला लागले. तेव्हा यानं मला तारेनं बांधलं, गुरासारखं! मग रिकाम्या गाडीला माप लावलं. एक बोट फट. मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मी त्याच दिवशी ठरवलं, याला सोडायचं नाही.

आत्या परतली, गाडीकडे बघून म्हणाली, "काय रे, चाकातली हवा गेली का?"

"हवा नाही गेली, आत्या. गाडीला रूप आलंय. वळणावर बघ कशी चालते!"

आणि मेलं, ते खरं होतं. चौकातल्या गोल वळणावर गाडी पूर्वी कलंडायची, ती आता सपाट वळली. खोका जागचा हलला नाही. आत्या म्हणाली, "अरे वा!" मी दातओठ खात होते आणि माझ्या जखमेचं कौतुक होत होतं. खड्ड्यात गाडी आदळायची, पण आत्यानं तेही चालवून घेतलं. लाडका भाचा ना!

मी वाट बघत राहिले. मला वजन हवं होतं.

ते एका सकाळी मिळालं. एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली, पाच मजली केक. हा केक पसंत पडला तर वर्षभराचं काम आत्यालाच मिळणार होतं. ती दोन दिवस पाठ न टेकता राबली होती. केक, लोखंडी स्टँड, ताटल्यांचे खोके, पुढे आत्या आणि चालवायला हिरो. मी पार खाली गेले. खालचं लोखंड वरच्या लोखंडाला टेकायला जेमतेम नखाएवढी जागा उरली होती. हॉटेलच्या फाटकासमोर उंच स्पीडब्रेकर होता, आणि हिरोला तिथं रुबाबात शिरायचं होतं. गाडी त्यावर चढली, उतरली, आणि मी अंग सोडून दिलं. घे!

ठाण! लोखंडावर लोखंड. वरचे तीन मजले घसरले आणि काचेवर जाऊन चिकटले.

क्षणभर मला इतका आनंद झाला, काय सांगू. मग मागचं दार उघडलं. आत्यानं काचेवरचं एक साखरेचं फूल उचललं, तळहातावर ठेवलं आणि तशीच उभी राहिली. मॅनेजर आला, बघून म्हणाला, "मॅडम, पाहुणे आत येऊन बसलेत." त्या हॉटेलचा फोन पुन्हा कधी आला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण संन्याशाचं वाईट वाटतं, चोराचं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गाडी जॅकवर उचलली आणि ती तार आत्याला दाखवली. "ताई, हे आजच बदलू."

"महिनाभर थांबा," आत्या म्हणाली. "तार काढून नीट पट्ट्या लावून द्या. मी वीसच्या वर चालवणार नाही." मग ती भाच्याकडे वळली. "डाव्या बाजूची सीट उभी कर. उद्यापासून गाडी मी चालवणार. तू मागं बसायचं, पट्टा लावून, केक मांडीवर घेऊन."

"महिनाभर?"

"केक हलला तर दोन महिने."

तो बरोब्बर माझ्या डोक्यावर येऊन बसला! सुखाचे दिवस म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. शाळेसमोरचे दोन ब्रेकर, दवाखान्यासमोरचा एक, वाचनालयाजवळचा खड्डा. आठवड्याभरात त्याच्या माकडहाडाचा पत्ता मला पाठ झाला.

"आत्या, हळू!"

"हळूच आहे, बाळा. केक धर."

तो धक्के अंगावर घ्यायचा आणि खोका हवेत तोलून धरायचा. म्हणजे माझं काम तो करत होता. महिन्यात एकही केक मोडला नाही आणि आत्याची जुनी गिऱ्हाइकं टिकली. महिना संपला तसा तो कमरेवर हात ठेवून स्वतःच मिस्त्रीकडे गेला. "काका, आत्याला बसवू, मी बसतो, मागं मैद्याचं पोतं ठेवू. मग माप घ्या." दोन बोटं ठरली. नव्या स्प्रिंगा आल्या, जोडीचे शॉकअप आले.

मला काढायला तो स्वतःच खाली वाकला. याच क्षणासाठी मी थांबले होते. अख्खी स्प्रिंग काढताना माणसं शिकंजा लावून तिला दाबून धरतात, तोंड बाजूला ठेवतात, कारण ती सुटली तर बोटं घेऊन जाते. याचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. जॅक वर गेला, चाक लोंबलं, पट्ट्या सुटल्या. मी सगळं बळ एकवटलं.

काहीच झालं नाही. मी आखूड झालेली, चाक लोंबताच सैल पडले होते. त्यानं मला एका हातानं उचललं, काकडी उचलावी तसं. त्या ग्राइंडरखाली माझा सूडही कापला गेला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यानं मला फडक्यानं पुसलं आणि हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

आता मी गॅरेजच्या मागे भंगारात पडले आहे, गंजतेय. आत्याची गाडी कधी समोरून जाते. ठाण आवाज येत नाही, वळणावर झुकत नाही, दिसतेही देखणी. लोक वळून बघतात. बघू देत.

भंगारवाले दादा, तुम्ही मला न्याल, भट्टीत घालाल. घाला. पण माझे खिळे करू नका, सळई करू नका, दाराची कडीही नको. मला पुन्हा स्प्रिंगच करा, अख्खी, आणि बसवायला त्याच्याच हातात द्या. मग बघते, मला एका हातानं कसा उचलतो ते.