निघताना काय म्हणावं

ताडकळसच्या कुसुमबाईनं साठी उलटल्यावर फ्रेंच शिकायला घेतलं, तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू द्या, त्यांचं काय जातंय! फ्रान्सातल्या नातीला, लीनाला, मराठीचं अक्षर येत नव्हतं, आणि तिचा बाप, म्हणजे कुसुमबाईचा जीवन, तिकडंच अपघातात गेला होता. दर रविवारी तिकडचीच असलेली सून व्हिडिओ कॉल लावून द्यायची आणि आजी-नात एकमेकींकडं नुसत्या बघत बसायच्या.

शेजारची सुकेशनी कॉलेजात फ्रेंच शिकलेली. कुसुमबाई तिचं डोकं खायची.

"टेबल बाई आन् पुस्तक बाप्या? कुनं ठरवलं गं हे?"

"आपली खुर्ची बाई कशी, ते आधी तुमी सांगा मावशी!"

"बरं बरं. निघताना काय म्हनायचं?"

"ज पार. मी जाते."

"हाड! जाते म्हनत न्हाईत." जीवन शेवटचा निघताना परभणीच्या स्टेशनावर घाईघाईत "जातो आई" म्हणाला होता. ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. "येते कसं म्हनायचं, तेवढं सांग."

"ज व्हियाँ," सुकेशनीनं सांगून टाकलं.

तेव्हापासून कॉल संपताना कुसुमबाई हात हलवून म्हणायची, "ज व्हियाँ!" लीना टाळ्या पिटायची. आजीला वाटायचं, चला, एक तरी गोष्ट पोरीला कळली.

मग एकदा सून सुकेशनीशी इंग्रजीत बराच वेळ बोलली. सुकेशनीचा चेहरा पडला.

"मावशी, पोरगी दर रविवारी दारात खुर्ची टाकून तुमची वाट बघायलीय. तिथंच झोपी जातीय. तिकडं येते म्हणलं की खरंच येतात."

कुसुमबाईचे गुडघे तिला बाजारापर्यंत धड नेत नव्हते, फ्रान्स कुठलं! आणि तिकिटाचं तर नावच नको.

पुढच्या रविवारी लीनानं मागच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली होती.

"म्हणा मावशी," सुकेशनी हळूच म्हणाली.

सुकेशनीनं कुसुमबाईच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं शब्द फुटला. "ज... ज पार."

लीनाचं तोंड एवढंसं झालं. ती उठली आणि खुर्ची ओढत आत घेऊन गेली. कॉल बंद झाला.

कुसुमबाई काळ्या पडलेल्या फोनवरून हात फिरवत राहिली.

"येते गं माय," ती म्हणत होती, "येते."