शिलाई मशीनला मत नको

हिमायतनगरच्या तहसील कार्यालयासमोर युती ठरली, तेव्हा अर्ज मागे घ्यायला अर्धा तास उरला होता. पंचायत समितीच्या एकाच गणात समाजवादी सिंधु, रिपब्लिकन आनंदराज आणि मराठवाड्याच्या हक्कांसाठी पक्ष काढलेले शिवप्पा असे तिघे उभे होते. तिघे लढले तर मते फुटणार आणि मावळत्या सभापतींचा मुलगा आरामात निवडून येणार, हे तिघांनाही दिसत होते. आनंदराजने लढायचे, बाकीच्या दोघांनी माघार घ्यायची, असे ठरले.

शिवप्पा आत जाऊन सही करून आले. सिंधु उठली, तोच आनंदराजच्या भावाने हात जोडले.

"ताई, चहा सांगितलाय. आमच्यासाठी एवढं करून राहिल्या, अन् तशाच जाता?"

चहा न घेता उठले तर मनात राग आहे असा अर्थ निघाला असता. ती बसली. चहा उशिरा आला. ती दारापाशी पोचली तेव्हा मुदत संपली होती आणि शिपाई कडी लावत होता.

मतदान यंत्रावर सिंधुचे नाव कायम राहिले, समोर चिन्ह शिलाई मशीन.

"मुद्दाम थांबल्या बाई," आनंदराजचे कार्यकर्ते म्हणू लागले. आनंदराजने तिचा फोन उचलला नाही.

दिलेला शब्द खोटा पडू नये म्हणून सिंधु स्वतःच्याच विरोधात प्रचाराला निघाली. मला नको, आनंदराजच्या छत्रीला मत द्या, असे ती दारोदार सांगे. लोक हसत. पाहुणा नको म्हणाला की त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढणारी ही माणसे; तिचे नको कोण खरे मानणार?

"मोठेपणा हाय तुझा," चुलत सासू इंदूकाकू म्हणाल्या. "आमाला काय कळत न्हाई व्हय? बस, चहा ठेवते."

"चहा न्हाई घेणार, काकू. छत्रीला मत दिलं तरच या घरचा चहा."

काकू साखरेचा डबा हातात धरून उभ्या राहिल्या. "आगं, खरंच नको?"

सिंधु चप्पल घालून निघालीसुद्धा.

पुढे प्रत्येक घरातून ती तशीच उठू लागली. बाई चहासुद्धा घेईना, ही गोष्ट तिच्या भाषणांपेक्षा लवकर पसरली. दोन दिवसांनी आनंदराज आपण होऊन तिच्या सोबत फिरू लागला. त्याच्या भावाने मात्र तिला पुन्हा चहा विचारला नाही.

छत्री थोडक्यात निवडून आली. शिलाई मशीनलाही मूठभर मते पडली होती. गुलाल अंगावर घेऊन सिंधु इंदूकाकूंच्या ओसरीवर टेकली. काकूंनी लगेच कप पुढे केला.

"छत्रीला दिलं ना, काकू?"

"द्यायला गेलते की. पण तुझं नाव दिसलं, अन् बोट तिकडंच गेलं. घरची सून हाईस. आता आला ना त्यो निवडून? पी गुमान."

सिंधुने कप त्यांच्याकडे सरकवला.

"पुढच्या निवडणुकीला घेईन," ती म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.