हात पोचेल तिथवर

नर्सने फळ्यावर रेघ इतक्या जोरात ओढली की खडूचे दोन तुकडे झाले. दवाखान्यासमोरच्या अख्ख्या इमारतीला खरूज झाली होती. मलम वाटून झालं, चादरी उकळून झाल्या, खाज गेली, आणि महिना उलटायच्या आत परत हजर. दिवसभर लोकांचं खाजवणं बघून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती.

म्हणून तिने फळ्यावर घरं मांडली आणि कोण कोणाकडे जातं ते जोडत गेली. तळमजल्याची माणसं वरच्यांचं तोंडही बघत नव्हती, तरी रोग वर पोचला होता. रेघा पुऱ्या झाल्या तेव्हा सगळ्या एकाच खोलीशी येऊन मिळाल्या. ती पुसली की नुसती सुटी सुटी घरं उरत होती.

खोली तिच्या आत्याची होती. कामावर जाणाऱ्या आया आपली बाळं आत्याच्या मांडीवर ठेवून जात.

म्हणजे घरचंच माणूस. नर्स तणतणत जिना चढली.

"आत्या, मलम लावलंस?"

"लावलं की. हाताला, पायाला," आत्या मनगट खाजवत म्हणाली.

"मानेपासून तळपायापर्यंत लावायचं म्हणून घसा फोडून सांगितलं होतं ना? एक जागा सुटली की सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी. उद्यापासून तुझ्याकडे एकही बाळ येणार नाही. सांगतेच मी सगळ्यांना."

आत्याचा हात थांबला.

"असं नको गं करू. ती पोरं आहेत म्हणून माझा दिवस जातो."

"मग नीट लावत का नाहीस? घरोघरी लावतात. तुलाच काय एवढं अवघड आहे?"

आत्याने खिडकीकडे पाहिलं. तिथे मलमाच्या ट्यूबशेजारी आमटी वाढायचा लांब दांड्याचा डाव पडला होता. त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधीवर मलम वाळलं होतं.

"घरोघरी दुसरं माणूस असतं," ती म्हणाली. "माझा हात पाठीला पोचत नाही."

एवढ्या रेघा ओढताना हे आपल्या डोक्यात आलं नाही, याचा नर्सला भयंकर राग आला. तिने दाराला कडी घातली आणि ट्यूब उघडली.

"पाठ कर इकडे."

मलम गार लागलं तशी आत्या शहारली. मग हळूहळू तिचे खांदे सैल झाले.

"आता परत कधी लावायचं?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"आठवड्याने."

"आणि त्यानंतर?"

त्यानंतर लावायची गरज नव्हती. नर्सने ट्यूबचं झाकण घट्ट बसवलं.

"त्यानंतरही आठवड्याने," ती तशाच वैतागलेल्या आवाजात म्हणाली.